सातव्या नंबरची बादली

बेटाचं नाव मी सांगणार नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बोस्टनहून गाडीने दोन तास आणि पुढे फेरीबोटीने पाऊण तास, एवढं पुरे. ज्यांना शोधायचंय त्यांनी शोधावं, पण तिथे जाऊन माझी ओळख सांगू नये. ती तिथे अजून ताजी असणार.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि मंगल, चार महिन्यांसाठी लेकीकडे, अनघाकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला गेलो होतो. ऑक्टोबरात अनघाला जोडून सुट्टी आली. "बाबा, फॉल कलर्स बघायला जाऊ या. मी सगळं बुक केलंय," ती म्हणाली. "फक्त एक प्रॉमिस करा. तिथे कशालाही टच करायचं नाही." या अटीमागे इतिहास होता. शिकागोच्या एका संग्रहालयात मी ज्या खुर्चीवर टेकलो, ती बसायची नव्हती, बघायची होती. मी प्रॉमिस केलं. मंगलने माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नातली सप्तपदी तिला आठवली असावी.

शनिवार

बोटीतून उतरलं की करड्या लाकडी फळ्यांची घरं दिसतात. रंग नाही, नक्षी नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने सगळी एकाच वयाची करून टाकली आहेत. मधून मधून कमरेइतक्या दगडी बांधांची शेतं, त्यापलीकडे लाल-पिवळी झाडं, आणि दारोदार शेवंतीच्या कुंड्या.

"एवढी शेवंती!" मंगल हळहळली. "आणि उद्या खंडेनवमी. एक फूल देवाला जायचं नाही."

नाश्त्याला मक्याच्या पिठाची जाड धिरडी मिळाली. त्यांना तिथे जॉनीकेक म्हणतात आणि वर मेपलचा पाक ओततात. मंगलने पाक बाजूला सारला, पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली, आणि वाढणाऱ्या बाईंनाही चिमूटभर दिली. बाईंनी दोन ग्लास पाणी पिऊन "व्हेरी नाइस" म्हटलं.

मग आम्ही बेटावरच्या जुन्या पलटणीचं शस्त्रागार पाहायला गेलो. नाव भारदस्त आहे, इमारत आमच्या बार्शीच्या जुन्या जकात नाक्याएवढी. आत एक म्हातारबाबा डांगरी घालून पितळी रंगाची एक तोफ पुसत होते. हेच कॅप्टन. नाव हॉवर्ड, वय ब्याऐंशी, हयात फेरीबोटीच्या इंजिनाखाली काढलेली. कॅप्टन इथे वरून नेमून येत नाही, पलटणीतले लोक हात वर करून निवडतात.

"ही पलटण म्हणजे खरं सैन्य नव्हे," हॉवर्डनी पहिल्याच वाक्यात कबूल करून टाकलं. "इथे इंग्रज राजाची वसाहत होती, तेव्हा राजाकडे या बेटासाठी सैनिक नव्हते. हुकूम आला, तुमचं तुम्ही बघा. मग पिंपं बनवणारा, मासे धरणारा, मेंढ्या पाळणारा, सगळ्यांनी ठरलेल्या दिवशी आपापली बंदूक घेऊन हिरवळीवर जमायचं. बंदूक नसेल त्याने कुऱ्हाड आणायची. सकाळी कवायत, दुपारी सफरचंदाची दारू. दारूनंतर कवायत ठेवायची नाही, हा नियम मागाहून केला. अनुभवाने."

ते बोलत होते आणि मला बार्शी दिसायला लागली होती. मी एकोणीस वर्षं होमगार्डमध्ये होतो. आठवडाभर तहसील कचेरीत कारकून आणि रविवारी सकाळी सहा ते आठ सैनिक. आमच्या तुकडीत बसस्टँडवर हॉटेल चालवणारे नूरभाई होते, शाळेतले शिपाई वाघमारे होते, आणि सदा शिंपी होता. सदाने सगळ्या तुकडीच्या खाकी पँटी स्वतःच्या मापाने शिवल्या होत्या. सदा बुटका होता. यात्रेच्या बंदोबस्ताला आम्ही निघालो, की लोकांना पायमोज्यांवरूनच कळायचं. बंदूक चालवली ती आयुष्यात एकदा, पोलिसांच्या देखरेखीखाली, पाच गोळ्या. चार टेकडीला लागल्या. पाचवीचा पत्ता नाही. पुढे कितीतरी वर्षं वाघमारे मला भर बाजारात विचारायचे, "भाऊसाहेब, पाचवी आली का परत?"

आता नूरभाई नाहीत, सदा नाही. वाघमारे आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. त्या मैदानावर हल्ली मोटारी लावतात.

हॉवर्ड तोफेपाशी आले. "राजाविरुद्ध वसाहतींनी बंड केलं, तेव्हा पलटण मधोमध फाटली. आदल्या कवायतीला एक रांग होती, पुढच्या कवायतीला हिरवळीच्या दोन टोकांना दोन. सख्खे भाऊ समोरासमोर."

"मग गोळीबार?" मी पुढे सरसावून विचारलं.

"छे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकाच होडीतून मासे धरायला जायचं होतं." हॉवर्ड हसले. "पण राजाचं खरं सैन्य बेटावर उतरलं, तेव्हा त्यांना ही तोफ हवी होती. न्यायला नव्हे. हिच्यात खिळा ठोकायला."

तोफेच्या मागच्या टोकाला, वरच्या अंगाला, एक बारीक भोक असतं. बत्तीची आग त्यातून आतल्या दारूपर्यंत पोचते. आपल्याकडे त्याला तोफेचा कान म्हणतात. त्यात खिळा ठोकून तो मोडला, की तोफ मुकी. हे ज्ञान मी मोठ्या आवाजात पाजळलं. हॉवर्ड एकदम खूश झाले.

"बरोबर! म्हणून आमच्या माणसांनी, राजाच्या आणि बंडाच्या दोन्ही बाजूंच्या, मिळून हिला मक्याच्या शेतात पुरली. वर मका लावला. सैन्याने तीन हिवाळे शोधलं. नाही सापडली. त्यानंतर पलटणीने एकही लढाई केली नाही. आगी विझवल्या, फुटलेल्या जहाजांवरची माणसं काढली. आणि कुणी गेलं, की तोफेचा एक बार. माझी बायको गेली तेव्हाही काढला." त्यांनी फडक्याने एक डाग पुसला. मला तरी तिथे डाग दिसला नाही.

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून अनघाचा चेहरासुद्धा उतरला. तोफ मालकीने राज्य सरकारची. पलटण जिवंत आहे तोवर ती बेटावर राहील, असा जुना करार. जिवंत असल्याची खूण एकच. दर वर्षी कवायतीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, सात जणांनी मिळून टाउन क्लार्कसमोर, म्हणजे गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, एक बार काढायचा. सातांना सात कामं ठरलेली. चुकलं, तर तोफ किनाऱ्यापलीकडच्या मोठ्या संग्रहालयात.

"तिथे जागा तयार आहे," हॉवर्ड म्हणाले. "काचेमागे. बाहेर एक बटण. मुलांनी दाबलं की स्पीकरमधून आवाज येणार, बूम." तो बूम त्यांनी अगदी हळू म्हटला. "कवायत उद्या आहे. सातवा माणूस गेल्या आठवड्यात घसरून पडला. त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्ही सहा उरलोय."

इथे मी माझ्या आयुष्यातल्या अनेक अनावश्यक वाक्यांपैकी एक उच्चारलं. छाती काढून म्हणालो, "सर, आय वॉज सोल्जर. नाइन्टीन इयर्स."

"बाबा!" अनघा कुजबुजली. "संडेज ओन्ली होतं ते."

"इथेही तसंच आहे," मी कुजबुजलो.

हॉवर्डनी भिंतीवरची एक चौकट दाखवली. वसाहतीच्या काळातला नियम: कवायतीच्या दिवशी बेटावर असणारा प्रत्येक धडधाकट माणूस, मग तो वाटसरू असो की खलाशी, हजेरीला बांधील. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि धडधाकट या शब्दाशी मनातल्या मनात थोडी तडजोड केली. "सातव्या नंबरचं काम सोपं आहे. पाण्याची बादली. बार झाला, की नळीत ठिणगी राहू नये म्हणून ओला बोळा फिरवतात. बादली सांडायची नाही आणि जागा सोडायची नाही."

मी कडक सॅल्यूट ठोकला. हॉवर्डचे डोळे भरून आले की त्यांना हसू आवरत नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवार

खंडेनवमीला आमच्या होमगार्ड कचेरीत शस्त्रपूजा असायची. शस्त्रं म्हणजे बावीस लाठ्या आणि कमांडरची शिट्टी. लाठ्या धुऊन भिंतीला लावायच्या, हळद-कुंकू, झेंडू, नूरभाईंच्या हॉटेलातून पेढे. नूरभाईच सगळ्यात आधी यायचे, कारण लाठ्यांना तेल लावायचं काम त्यांचं. शिट्टीला कुंकू लागलं, की दुसऱ्या दिवशी कमांडरचे ओठ लाल.

तर सकाळी माझ्या डोक्यात आलं, की आज मी शिपाई आहे आणि समोर साक्षात तोफ आहे. आयुष्यभर लाठ्यांवर भागवलं. हॉवर्डना विचारलं, तर ते म्हणाले, "हत्यारांना आशीर्वाद? आमच्याकडेही पाद्री यायचा पूर्वी. करा ना." आणि ते बाहेर हिरवळीवर बघ्यांना अडवायचा दोर बांधायला गेले.

मंगलच्या पर्समध्ये हळद-कुंकवाचा करंडा होता, तांदूळ होते. शेवंतीची दोन फुलं मी, आम्ही उतरलो होतो त्या सरायच्या दारातल्या कुंडीतून घेतली. मालकीणबाई पाहत होत्या, म्हणून नमस्कार करून घेतली. तोफेला गंध लावलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, हात जोडले. डोळे मिटल्यावर सदा आठवला, नूरभाई आठवले. म्हटलं, बघा रे, कुठे येऊन पोचलो.

डोळे उघडले तेव्हा चार-पाच अक्षता तोफेच्या कानात गेलेल्या दिसल्या.

"अहो, हॉवर्डसाहेबांना सांगा," मंगल म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या तोफेच्या कानात भात झालाय म्हणून? तुझ्या बांगडीतली पिन दे."

मराठी बाई जगात कुठेही गेली तरी बांगडीतल्या सेफ्टी पिना बरोबर जातात, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको. मंगलच्या डाव्या हातात कायम चार असतात. "मोडेल," ती म्हणाली. मी पिन सरळ केली, कानात घातली, एक तांदूळ वर आला, हुरूप वाढला, जरा पिळली, आणि टक्. अर्धी पिन माझ्या हातात, अर्धी आत. आजूबाजूला लाल चिकट तांदूळ घट्ट बसलेले.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण प्रवासवर्णनात फक्त चांगली हवाच सांगावी असं नाही. मी त्या भोकावर शेवंतीचं फूल ठेवलं आणि बाहेर जाऊन बादली भरू लागलो.

मंगल माझ्यामागे आली. "तुम्ही सांगता, का मी सांगू?"

"जरा वेळ जाऊ दे."

"त्यांनी काल बायकोचं सांगितलं आपल्याला," ती एवढंच म्हणाली.

हॉवर्ड एव्हाना दोर बांधून आत परतले होते. मी बादली खाली ठेवली, आत गेलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. माझं इंग्रजी अशा वेळी पळून जातं. मी फूल उचललं, अर्धी पिन तळहातावर ठेवून पुढे केली आणि म्हणालो, "सर. मी."

हॉवर्डनी चष्मा लावला. कानात डोकावून पाहिलं. पितळी तार घालून पाहिली, ती अडली. ते बाकावर बसले. बाहेर हिरवळीवर बाया टेबलं मांडत होत्या, सफरचंदाच्या रसाची पिंपं लावत होत्या.

"राजाच्या सैन्याने तीन हिवाळे शोधली हिला," शेवटी ते म्हणाले. "हे करायला."

मला तोफेतच शिरावंसं वाटलं. अनघा धावत आली, तिने एका नजरेत सगळं ओळखलं. "बाबा, यू प्रॉमिस्ड! एक दिवस. जस्ट एक दिवस टच नाही केलं असतं तर..." मला ओरडा चालला असता. तिचा आवाज कापत होता, ते नाही चाललं.

पलटणीत तिसऱ्या नंबरला लिंडाबाई होत्या. निवृत्त दातांच्या डॉक्टर, सत्तरीच्या, हातात अजून कंप नाही. त्यांनी कानात टॉर्च मारला आणि विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" कुणी हसलं नाही. त्या सायकलवर बसून घरी गेल्या आणि हत्यारांची जुनी पेटी घेऊन आल्या.

दुपारभर काम चाललं. एक एक तांदूळ निघत होता आणि लिंडाबाई तो पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडत होत्या. पिनेचं टोक एकदा चिमट्यात आलं आणि निसटून आणखी खोल गेलं, तेव्हा हॉवर्ड उठून दारात जाऊन सूर्याकडे पाहत उभे राहिले. टाउन क्लार्कबाई आल्या होत्या. कडक चेहऱ्याच्या, मांडीवर जाड रजिस्टर. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, फक्त घड्याळ बघत होत्या. मी कोपऱ्यात उभा होतो. कुणी मला हाकललं नाही, हे जास्त वाईट.

साडेपाचला लिंडाबाई म्हणाल्या, "आली." पिन होती अर्ध्या इंचाची. मी इतकी मोठी छोटी वस्तू पाहिलेली नाही.

हॉवर्डनी तार घातली, ती सरळ आत गेली. बाहेर टाळ्या झाल्या. मी बादलीकडे धावलो. हॉवर्डनी हात आडवा केला. भिंतीवरच्या त्याच चौकटीतली खालची ओळ त्यांनी बोटाने दाखवली, आणि खरं सांगतो, त्यांना ते दाखवताना वाईट वाटत होतं. आपल्या हलगर्जीपणाने हत्यार निकामी करणारा त्या दिवशी रांगेत उभा राहणार नाही.

"रूल आहे," क्लार्कबाई म्हणाल्या. "आणि माणसं सहाच दिसतायत."

सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. अनघा "आय कॅन..." म्हणत पुढे सरकली, पण मंगलने तिच्या आधी ओढणी कमरेला खोचली होती. पर्स माझ्या गळ्यात अडकवून तिने बादली उचलली. "मी कालपासून बेटावरच आहे की. बार्शीत तीस वर्षं टँकरचं पाणी भरलंय. सांग त्यांना अनघा, एक थेंब सांडायचा नाही."

अनघाने सांगितलं. क्लार्कबाईंनी मंगलच्या पंजाबी ड्रेसकडे, स्वेटरकडे, पायातल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "धडधाकट," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

तोफ ओढत हिरवळीच्या टोकाला नेली. तोंड समुद्राकडे. मंगलची जागा मागे उजवीकडे, चार पावलांवर. पण ती आधी तोफेपाशी गेली आणि पर्ससाठी माझ्याकडे हात केला. "पूजा मांडलेलं हत्यार असं कसं उडवायचं? उत्तरपूजा नको का? तांदूळ द्या."

"नो राइस!" लिंडाबाई किंचाळल्या. त्यांना शब्द कळला नव्हता, पण पर्स ओळखता आली होती.

"बरं बाई, नाही." मंगलने तोफेला नुसता हात लावला, किंचित हलवल्यासारखं केलं, पुटपुटली, आणि जागेवर जाऊन उभी राहिली. टाचा जुळलेल्या, पंजे उघडे, नजर समोर. मी थक्क झालो. तिला हे कुणी शिकवलं? मग उमगलं. एकोणीस वर्षं रविवारी पहाटे मी अंगणात सराव करायचो, आणि ती ओट्यावर बसून माझ्या गणवेशाला खळ देत असायची. मला वाटायचं, ती खळ बघतेय.

"तयार!" हॉवर्ड ओरडले. ब्याऐंशीच्या माणसाचा तो आवाज नव्हता.

बत्ती दिली. पहिली फुस्स झाली. कुणीतरी "ओह नो" म्हणालं. सूर्याची खालची कड पाण्याला टेकली होती. हॉवर्डनी कुणाला जागेवरून हलू दिलं नाही. मनाशी आकडे मोजत थांबले, मग कानात पुन्हा तार घातली, नवी बत्ती लावली.

तो आवाज लिहिता येत नाही. आधी तो पायांतून आला, मग छातीत, आणि कानाला सगळ्यात शेवटी. पांढरा धूर समुद्रावर सरकत गेला आणि बेटावरचे सगळे पक्षी एकदम उठले. मी दोन्ही कान दाबून धरले होते. मंगलने दाबले नव्हते. तिच्या दोन्ही हातांत बादली होती. बोळेवाला आला, त्याने बोळा बुडवला, नळीतून फिरवला, चर्र झालं.

हॉवर्ड आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. लिंडाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग हजेरी झाली. क्लार्कबाई एक एक नंबर पुकारत होत्या आणि माणसं उत्तर देत होती. सातव्याला त्यांनी नाव वाचायचा एकदा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि मंगलकडे नुसतं पाहिलं.

"हजर!" मंगल म्हणाली. पार पाण्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

क्लार्कबाईंनी रजिस्टर तिच्यासमोर धरलं. मंगलने बादली खाली ठेवली, चष्मा नाकावर सारखा केला आणि सातव्या ओळीत आपलं पूर्ण नाव देवनागरीत लिहिलं. वर रेघ ओढली. क्लार्कबाई पहिल्यांदाच हसल्या. रजिस्टर मिटलं. म्हणजे तोफ आणखी एक वर्ष बेटावर.

लोक टेबलांकडे पांगले. कुणी हॉवर्डना मिठी मारत होतं, कुणी लिंडाबाईंच्या हातात ग्लास देत होतं. मंगल एकटी तशीच सावधानमध्ये उभी, बादली पुन्हा हातात. गार वारा सुटला होता. मी दोरीपाशी गेलो, गळ्यात तिची पर्स, आणि माझ्या जुन्या कवायतीच्या आवाजात हुकूम दिला, "विसर्जन!"

ती हलली नाही.

"अगं, झालं आता. चल. रस मिळतोय तिकडे."

मंगलने मान वळवली नाही. ओठ तेवढे हलवून म्हणाली, "तुम्ही रांगेबाहेर आहात. मला हॉवर्डसाहेब सांगतील."